आतड्यांतील निळ्या गाठी आणि त्यांची शल्यचिकित्सा

एखादे मूल जन्मतःच अंगावर निळसर डाग घेऊन येते. घरातील वडीलधारी मंडळी त्यास लासे म्हणतात आणि त्याचा फारसा विचार करीत नाहीत. मूल वाढू लागते, तसतसे तळहातावर, तळपायावर, पाठीवर, क्वचित जिभेवरही तशाच रंगाचे लहान लहान फुगवटे दिसू लागतात. काही मोहरीएवढे असतात, तर काही बोराएवढे. ते बहुधा दुखत नाहीत. बोटाने दाबले असता फुगवटा रिकामा होतो व त्या जागी सुरकुतलेली त्वचा तेवढी उरते. बोट उचलले की तो सावकाश पुन्हा भरून येतो. याच सुमारास मुलाचा चेहरा फिकट पडू लागतो. जिना चढताना त्यास धाप लागते आणि वर्गात ते पेंगू लागते. रक्त तपासून पाहिले तर हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेले असते. लोहाचे औषध दिले म्हणजे प्रकृती काहीशी सुधारते आणि औषध थांबले की पुन्हा खालावते. पुढे पुढे औषध चालू असतानाही ती खालावते व बाहेरून रक्त देण्याची पाळी येते.

अंगावरील निळ्या फुगवट्यांचा आणि या पांडुरतेचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कोणाच्याही सहसा मनात येत नाही. वस्तुतः तो संबंध अगदी निकटचा आहे. जे फुगवटे त्वचेवर दिसतात, तसेच फुगवटे आतड्याच्या आतील अस्तरावरही असतात. त्वचेवरचे क्वचितच रक्त गाळतात, आतड्यातले मात्र रात्रंदिवस गाळीत राहतात.

नाव कोणी दिले

या विकाराचे सर्वांत जुने वर्णन लंडनमधील शल्यवैद्य गॅस्कॉयेन यांनी १८६० साली केले. त्वचेवरील नीलवर्ण गाठी आणि शरीराच्या अंतर्भागातील तशाच गाठी एकाच रुग्णात आढळतात, हे त्यांनी नोंदविले. पुढे सुमारे शंभर वर्षे अशी वर्णने तुरळकपणे येत राहिली. १९५८ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम बेनेट बीन यांनी त्वचेवरील रक्तवाहिन्यांच्या विकृतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात या विकारास स्वतंत्र स्थान दिले. लहान मुलांच्या दुधाच्या बाटलीवरील रबरी बोंडीप्रमाणे या गाठी हातास लागतात, म्हणून त्यांनी त्यास 'ब्लू रबर ब्लेब नीव्हस' असे नाव दिले. निळे, रबरासारखे, फोडासारखे लासे, असा त्याचा अर्थ होतो. वैद्यकातील बहुतेक नावे ग्रीक व लॅटिन शब्दांच्या ओझ्याने वाकलेली असतात. हे नाव मात्र डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून ठेवलेले आहे. बीन यांच्या सन्मानार्थ या व्याधीस बीन लक्षणसमूह असेही म्हणतात.

बीन हे निरीक्षणाचे किती व्यसनी होते, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९४१ पासून त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण करून ते रोज किती वाढते याची नोंद ठेवण्यास आरंभ केला आणि हा उद्योग पस्तीस वर्षे चालविला. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दररोज ०.१२३ मिलिमीटर वाढत असे, तर ६७ व्या वर्षी ०.०९५ मिलिमीटर. अशा स्वभावाच्या वैद्याच्या दृष्टीतून त्वचेवरील बारीक निळे ठिपके निसटले नाहीत, यात नवल नाही.

हा विकार फार दुर्मिळ आहे. जगातील वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेलेले रुग्ण अवघे काही शेकड्यांच्या घरात आहेत. असे असूनही त्याचा अभ्यास व्यर्थ ठरत नाही. एक तर ज्या घरात हा रोग येतो त्या घराच्या दृष्टीने तो दुर्मिळ नसतो. शिवाय रक्तवाहिन्या कशा घडतात, याविषयीचे ज्ञान अशा विरळ विकृतींच्या अभ्यासातूनच पुष्कळदा मिळालेले आहे.

गाठीच्या आत काय असते

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांच्या द्वारे शरीरभर जाते, केशवाहिन्यांतून ऊतकांत पसरते आणि नीलांमधून हृदयाकडे परत येते. नीलेची भिंत रोहिणीच्या मानाने पातळ असली, तरी तिच्यात स्नायुपेशींचा एक थर असतोच. त्या थरामुळे नीला आपला आकार टिकवून धरते. प्रस्तुत विकारात ठिकठिकाणच्या नीलांना हा थर नीट लाभलेला नसतो. कोठे तो विरळ असतो, कोठे मुळीच नसतो. अशी नीला आतील रक्ताच्या दाबाने सैलावते, फुगते आणि तिची एक पिशवी बनते. पिशवीत रक्त संथपणे साचून राहते, म्हणून ती वरून निळी दिसते. साचलेले रक्त मधून मधून गोठते. त्यामुळे रक्त गोठविणारी द्रव्ये उगाच खर्ची पडतात आणि काही जुन्या गाठींत चुन्याचे बारीक खडेही तयार होतात.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. तिच्यातील पेशी अनिर्बंध वाढत नाहीत किंवा दुसऱ्या अवयवात जाऊन तेथे घर करीत नाहीत. ती घडणीतील चूक आहे. हा भेद आज सोपा वाटतो, परंतु फार काळपर्यंत रक्तवाहिन्यांच्या सर्वच फुगवट्यांना एकाच नावाने संबोधण्याची प्रथा होती. तान्ह्या मुलांच्या अंगावरील लालबुंद, वेगाने वाढणाऱ्या व पुढे आपोआप विरून जाणाऱ्या गाठी आणि जन्मभर टिकणाऱ्या या निळ्या पिशव्या एकाच सदरात टाकल्या जात. परिणामी, जी गाठ कधीच विरणार नाही ती विरण्याची वाट पाहण्यात अनेक रुग्णांची वर्षे गेली. १९८२ साली बॉस्टन येथील जॉन मलिकन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी पेशींच्या तपासणीवरून हे दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे केले. पुढील सर्व उपचारांचा पाया त्या वर्गीकरणाने घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

चमचाभर रक्ताचा हिशेब

आतड्यातील या गाठी लोंढ्याने रक्त वाहू देतात, असे क्वचितच घडते. बहुधा ते झिरपते. मग थोड्याशा झिरपण्याने मूल इतके फिकट का पडावे, असा प्रश्न वाचकास पडेल. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर रक्त रोज आतड्यात गेले, तर दररोज सुमारे अडीच मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. आता जमेची बाजू पाहावी. रोजच्या आहारातून शरीर साधारणतः एक ते दोन मिलिग्रॅम लोहच शोषून घेते. म्हणजे चमचाभर रक्त गेले तरी खर्च उत्पन्नापेक्षा अधिक होतो. साठविलेले लोह संपेपर्यंत काही काळ निभते, नंतर हिमोग्लोबिन उतरू लागते.

दुसरी अडचण अशी की, एवढे रक्त डोळ्यांना दिसत नाही. मळाचा रंग डांबरासारखा काळा होण्यास पचनमार्गाच्या वरच्या भागात साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त पडावे लागते. त्याहून कमी रक्त रासायनिक परीक्षेनेच ओळखता येते. आपल्या देशात हा प्रश्न विशेष बिकट होतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर बालकांपैकी ६७ बालकांत रक्तक्षय आढळला. फिकट मूल समोर आले की वैद्याच्या मनात प्रथम अपुरा आहार आणि आतड्यातील आकडीचे जंत येतात आणि तेच योग्य आहे. कारण पुष्कळ वेळा तेच खरे असते. मात्र जंतांचे औषध आणि लोह देऊनही रक्त पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर मुलाचा सदरा काढून त्याची त्वचा, त्याचे तळपाय व तोंडाचा आतील भाग पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. निदानाची किल्ली तेथे असू शकते.

रक्तस्रावाशिवाय आणखी एक संकट या गाठींमुळे उद्भवते. आतड्याच्या लाटांसारख्या हालचालींत गाठ पुढे ओढली जाते आणि तिच्यासह आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरतो. दुर्बीण मिटताना तिची एक नळी दुसरीत सरकावी, तसा हा प्रकार असतो. त्यामुळे पोटात असह्य कळा येतात आणि तातडीने शस्त्रक्रिया न केल्यास अडकलेला भाग मृत होतो.

आतडे आतून पाहणे

जठर आणि मोठे आतडे यांत दुर्बीण घालून पाहणे आता सर्वत्र रूढ झाले आहे. लहान आतडे मात्र प्रौढ माणसात सुमारे सहा मीटर लांब असते आणि वेटोळी घालून बसलेले असते. दीर्घ काळ ते वैद्यांना जवळजवळ अज्ञात प्रदेशासारखे होते. या शतकाच्या आरंभी दोन साधनांनी ही स्थिती पालटली. एक म्हणजे गिळण्याची कॅमेऱ्याची कुपी. इस्रायली अभियंता गॅव्रिएल इडान व त्यांचे सहकारी यांनी तिचे वर्णन २००० साली प्रसिद्ध केले. सुमारे २६ मिलिमीटर लांबीची ही कुपी आतड्याबरोबर पुढे सरकत दर सेकंदास दोन छायाचित्रे घेत असे आणि कमरेच्या पट्ट्यातील यंत्राकडे ती धाडीत असे. दुसरे साधन जपानमधील हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ साली मांडलेली दोन फुग्यांची दुर्बीण. आळीपाळीने फुगणाऱ्या फुग्यांच्या आधारे ती आतडे आपल्यावर चुणीसारखे गोळा करीत पुढे जाते. लहान आतड्यात ज्या गाठी असल्याचा केवळ अंदाज होता, त्या आता प्रत्यक्ष दिसू लागल्या. काही रुग्णांत त्यांची संख्या शंभरांत भरली.

दिसलेली गाठ दुर्बिणीतूनच नष्ट का करू नये? काही ठिकाणी तसे करता येते. जठराची भिंत जाड असल्यामुळे तेथील गाठीच्या मुळाशी रबरी कडे बसविता येते किंवा ती आतल्या आत जाळता येते. लहान आतड्याची भिंत पातळ असते आणि गाठ कित्येकदा त्या भिंतीच्या आरपार पसरलेली असते. अशी गाठ जाळावयास जावे, तर भिंतीलाच भोक पडण्याचे भय असते.

चौदा तासांची शस्त्रक्रिया

पूर्वी शल्यवैद्य या रोगाच्या वाटेस जाण्यास नाखूष असत आणि त्यांची शंका निराधार नव्हती. गाठी अनेक असतात. काही काढल्या तरी नव्या उगवतील, मग रुग्णास पुन्हा पुन्हा फाडण्यात काय लाभ, असे त्यांचे म्हणणे असे. जेथे रक्तस्राव आवरेनासा होई तेथे आतड्याचा सर्वांत दूषित भाग कापून टाकीत. पण आतडे हे काही वाटेल तितके कापावे असे वस्त्र नव्हे. लहान आतड्याची लांबी फार घटली म्हणजे खाल्लेले अन्न शोषले जात नाही आणि रुग्णास शिरेतून पोषण देऊन जगवावे लागते. एक व्याधी घालवून दुसरी पदरात घालण्याचाच तो प्रकार होय. म्हणून बहुतेक रुग्ण लोह आणि रक्त घेत घेत दिवस कंठीत. वारंवार रक्त घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, संसर्गाची भीती राहते आणि बालपण रुग्णालयाच्या फेऱ्यांत निघून जाते, ते वेगळेच.

बॉस्टनच्या बालरुग्णालयातील स्टीव्हन फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा निराळ्या दिशेने विचार केला. नव्या वाटणाऱ्या गाठी खरोखरच नव्या असतात, की पहिल्या वेळी दृष्टीआड राहिलेल्या असतात? दुसरे अनुमान खरे असेल, तर एकाच बैठकीत एकूण एक गाठ शोधून काढली म्हणजे रक्तस्राव कायमचा थांबावयास हवा. मात्र 'एकूण एक' हे शब्द तेथे शब्दशः पाळावे लागणार होते, कारण मागे राहिलेली एखादी गाठही रक्त गाळीत राहू शकते.

या शस्त्रक्रियेची रीत समजून घेण्याजोगी आहे. प्रथम रक्त देऊन रुग्णाचे हिमोग्लोबिन वाढवितात आणि आतडी रिकामी करतात. भूल दिल्यावर पोट उघडून संपूर्ण आतडे हळुवारपणे बाहेर घेतात. काही गाठी बाहेरूनच निळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, परंतु पुष्कळ गाठी केवळ आतील अस्तरात असल्यामुळे बाहेरून त्यांचा मागमूस नसतो. त्यासाठी प्रकाशमान दुर्बीण आतड्यातून फिरवितात आणि शस्त्रक्रियागृहातील दिवे मंद करतात. मग आतड्याची भिंत कंदिलाच्या कागदासारखी उजळते आणि जेथे गाठ असते तेथे गडद छाया उमटते. प्रत्येक छायेपाशी खुणेचा टाका घालतात. याशिवाय आतड्यास एखादा छेद देऊन त्यातून आतड्याचा बराचसा भाग, सदऱ्याची बाही उलटी करावी तसा, उलटा करून बाहेर काढतात. त्यामुळे अस्तर डोळ्यांसमोर येते आणि थोडक्या छेदांतून लांबच लांब भाग तपासता येतो.

त्यानंतर एकेक गाठ काढण्याचे काम सुरू होते. गाठीभोवतीची भिंत पाचरीच्या आकाराने कापून लगेच शिवून टाकतात. शिवण घालताना आतड्याची पोकळी अरुंद होणार नाही, ही काळजी घ्यावी लागते. म्हणून लांबीच्या दिशेने पडलेला छेद आडवा शिवण्याचा नियम आहे. तसे केल्याने लांबी किंचित घटते, पण रुंदी राखली जाते. देठावर लोंबणाऱ्या गाठी देठाशी बांधून छाटतात. गाठींची दाटी एखाद्याच लहान भागात असेल, तर तेवढा भाग काढून टोके जोडतात. आतड्याची लांबी शक्य तितकी राखावयाची, हा या सर्व रीतीचा मुख्य आग्रह होय.

१९९३ ते २००२ या काळात अशा रीतीने दहा रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांची वये २ ते ३६ वर्षे होती आणि शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येकास सरासरी ५३ वेळा रक्त द्यावे लागले होते. एका बैठकीत काढलेल्या गाठींची सरासरी संख्या १३७ होती. एका रुग्णात ती केवळ ४ होती, तर दुसऱ्यात ५५७! शस्त्रक्रियेस सरासरी १४ तास लागले. सर्वांत लहान शस्त्रक्रिया ७ तासांत उरकली, सर्वांत दीर्घ २३ तास चालली. चौदा तासांस १३७ ने भागले तर एका गाठीच्या वाट्यास सुमारे सहा मिनिटे येतात आणि त्यातच शोध, छेद व शिवण हे सारे आले. असे काम एकट्याच्या कौशल्यावर चालत नाही. भूलतज्ज्ञ, दुर्बीणतज्ज्ञ, आळीपाळीने उभे राहणारे शल्यवैद्य व परिचारिका यांचा मेळ तेथे लागतो. सरासरी पाच वर्षांच्या देखरेखीत दहांपैकी एकाच रुग्णात रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. सगळ्या गाठी काढल्यास रक्तस्राव थांबतो, हे अनुमान खरे ठरले. रुग्ण दहाच होते, ही गोष्ट मात्र दृष्टीआड करून चालणार नाही. इतक्या विरळ रोगात त्याहून मोठी संख्या मिळणे कठीण असते.

पेशीतील चूक आणि मातीतील औषध

शल्यवैद्य गाठी काढीत होते, त्याच काळात त्या मुळात का होतात याचा शोध दुसऱ्या प्रयोगशाळांत चालला होता. रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशींवर 'टाय-२' नावाचे एक ग्राहक प्रथिन असते. बाहेरचे संदेश आत पोहोचविणे हे त्याचे काम. १९९६ साली मीक्का विक्कुला व त्यांच्या सहकाऱ्यांनी, नीलांची विकृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कुटुंबांत या प्रथिनाच्या जनुकात दोष असल्याचे दाखविले. २०१७ साली बीन लक्षणसमूहाच्या रुग्णांतही त्याच जनुकातील दोष सापडला. विशेष असे की, या रुग्णांत बहुधा एकाच जनुकप्रतीवर दोन दोष जोडीने असतात, आणि एकाच रुग्णाच्या निरनिराळ्या गाठींत तीच जोडी आढळते. त्यावरून, मूल गर्भात असताना एखाद्या एकाच पेशीत ही चूक घडत असावी व तिची संतती शरीरभर विखुरत असावी, असे अनुमान निघते. बहुतेक रुग्णांचे आईबाप आणि भावंडे निरोगी का असतात, याचाही त्यावरून उलगडा होतो. मुलाच्या रोगाबद्दल आईने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात काय केले, अशी चौकशी करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

दोषयुक्त टाय-२ प्रथिन पेशीस अखंड संदेश देत राहते आणि हा संदेश पुढे 'एम-टॉर' नावाच्या प्रथिनापर्यंत जातो. या प्रथिनास आवर घालणारे औषध आधीच उपलब्ध होते. १९६४ साली कॅनडातून निघालेल्या एका पथकाने प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले होते. त्या बेटाचे स्थानिक नाव रापा नुई. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत त्या मातीतील एका सूक्ष्म जीवापासून बुरशीनाशक द्रव्य वेगळे करण्यात आले आणि बेटाच्या नावावरून त्यास रापामायसिन म्हणू लागले. हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांत सुरेंद्रनाथ सेहगल हे प्रमुख होते. त्यांचे शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयात झाले होते. पुढे हे द्रव्य रोगप्रतिकारशक्ती मंदावते असे दिसून आले व १९९९ साली मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. एम-टॉर या नावातील शेवटचे अक्षर याच औषधाचे आहे. पेशीतील यंत्रणेस औषधावरून नाव मिळण्याचा हा उलटा क्रम मोठा मौजेचा आहे.

२०१२ साली तुर्कस्तानातील वैद्यांनी बीन लक्षणसमूहाच्या एका मुलीस हे औषध अल्प मात्रेत दिले, तेव्हा तिचा रक्तस्राव थांबला. त्यानंतर अनेक देशांतून असेच अनुभव नोंदले गेले आहेत. गाठी लहान होतात, नाहीशा होत नाहीत. रक्त देण्याची गरज कमी होते किंवा संपते. परंतु औषध बंद केले तर पुष्कळ रुग्णांत रक्तस्राव परत सुरू होतो, म्हणून ते दीर्घकाळ घ्यावे लागते. तोंडात व्रण पडणे, रक्तातील स्निग्ध द्रव्ये वाढणे, संसर्गाचे भय, असे त्याचे उपद्रवही आहेत. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण वरचेवर तपासावे लागते.

यामुळे शस्त्राचे स्थान गेले, असे मात्र नाही. आतडे आतड्यात शिरले असता गोळ्या देत बसता येत नाही. गाठी थोड्या व सुगम असतील तर त्या काढून आयुष्यभराच्या औषधातून सुटका करणे श्रेयस्कर ठरते. त्या शेकड्यांनी असतील आणि चौदा तासांच्या शस्त्रक्रियेची सिद्धता जवळपास नसेल, तर आज बहुतेक वैद्य प्रथम औषधाकडेच वळतात. काही ठिकाणी औषधाने गाठी आटवून, उरलेल्या तेवढ्या दुर्बिणीने किंवा शस्त्राने काढतात. उपचार कोणताही असो, दर काही महिन्यांनी बोटभर रक्त काढून हिमोग्लोबिन मोजावेच लागते. चमचाभर झिरपणे पुन्हा सुरू झाले, तर त्याची पहिली वार्ता तेथेच मिळते.